बांधाच्या पोटातलं बिऱ्हाड

संपादकांना तलाव फुटल्याची गोष्ट हवी होती. "तुम्ही इरिगेशनमध्ये होतात, एखादा बांध फुटला असेलच की," असं फोनवर म्हणाले. मी म्हटलं, साहेब, माझ्या हाताखालचा एकही बांध फुटला नाही. त्यांचा आवाज जरा पडला. आमच्या नोकरीची हीच अडचण आहे. काम नीट झालं तर सांगायला काही उरत नाही. आयुष्यभर काय केलंत, तर काही होऊ दिलं नाही. नातवाला हे सांगितलं तर तो विचारतो, "आजोबा, मग सॅलरी कशाची मिळत होती?"

माझा पहिला तलाव हैदराबादजवळ, कुकटपल्लीच्या पलीकडे होता. त्याचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. आता तिथे कॉलनी आहे आणि तिच्या नावात 'लेक व्ह्यू' आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा चहूकडे काळे खडक, खाली भाताची शेतं आणि मध्ये तो तलाव, एवढंच होतं.

ज्यांनी बांध जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बांध मातीचा असतो. पाण्याच्या बाजूला त्याला दगडांचं अस्तर असतं. त्याच्या पोटातून आरपार एक दगडी मोरी जाते, तिला आमच्याकडे तूम म्हणतात. पाण्याच्या बाजूला तूमाच्या तोंडावर लोखंडी झडप, आणि वर बांधावर तिचं चाक. चाक फिरवलं की झडप उचलते, पाणी मोरीतून पलीकडच्या कालव्यात पडतं आणि शेतात जातं. चाक फिरवणाऱ्याला लस्कर म्हणत. मी त्याच्यावरचा, वर्क इन्स्पेक्टर. सकाळ-संध्याकाळ बांधावरून चालायचं आणि झिरपा बघायचा, हे माझं काम. पाणी स्वच्छ झिरपत असेल तर घाबरायचं नाही, बांधाला घाम येतोच. पण गढूळ पाणी आलं की पळायचं, कारण मग पाण्याबरोबर बांधच बाहेर निघालेला असतो. खेकडे, घुशी, उंदीर, बिळं करणारे सगळे आमचे वैरी.

गिऱ्हाइकंही भेटायची. शहरातल्या एका देवडीतले, म्हणजे जुन्या वाड्यातले म्हातारे नवाब तलाव भरला की टांग्यातून यायचे. कधीकाळी हा तलाव त्यांच्या जहागिरीत होता. जहागिऱ्या गेल्या, पण त्यांची सवय गेली नव्हती. सांडव्याजवळ खुर्ची टाकून बसायचे आणि मला विचारायचे, "मियाँ, हमारा कितना पानी गया?" मी म्हणायचो, "बहुत नै गया हुजूर." मग समाधानाने पान लावायचे. त्यांना खरं सांगावं असं मला कधी वाटलं नाही.

आमचे साहेब होते हमीद साहेब. ओव्हरसियर म्हणून याच बांधावर आले आणि केस पांढरे झाले तरी याच बांधावर राहिले. बढती आली की काहीतरी कारण काढून टाळायचे. घरी कोणी नव्हतं, बीबी लवकर गेली होती. बांधाखालच्या बंगलीत ते, एक पंप-स्टो आणि जुन्या बाजारातून आणलेली इंग्रजी पुस्तकं. त्यातलं एक जनावरांचं होतं, चित्रांचं. दुपारी चहा झाला की ते पुस्तक काढायचे आणि दर वेळी एकच पान उघडायचे. बीव्हरचं.

हा अमेरिकेतला प्राणी. मांजरापेक्षा मोठा, अंगाने गुबगुबीत, शेपटी उलथन्यासारखी चपटी. पुढचे दात नारिंगी आणि जन्मभर वाढणारे. त्या दातांनी तो झाडं कुरतडून पाडतो, फांद्या ओढत आणून ओढ्यात रचतो, वर चिखल लिंपतो आणि बांध घालतो. मागे पाणी तुंबलं की त्या पाण्यात काटक्यांचं घर. घराचं दार पाण्याखाली, म्हणजे लांडग्याला आत शिरता येत नाही. आई, बाप, यंदाची पिल्लं आणि गेल्या वर्षीचीही, सगळी एकत्र राहतात. धोका दिसला की शेपटी पाण्यावर आपटून सगळ्यांना सावध करतात. थंडीत तळं वरून गोठतं, म्हणून आधीच फांद्या पाण्याखाली रोवून ठेवतात, सालं खायला. साहेबांना सगळ्यात आवडायची ती गोष्ट वेगळीच. बीव्हरला वाहत्या पाण्याचा आवाज आला की त्याला चैन पडत नाही. उठतो, आवाज येतो तिकडे जातो आणि चिखल भरून बुजवतो.

"मियाँ, ये तो अपनी बिरादरी का है," साहेब म्हणायचे. "न ओव्हरसियर, न एस्टिमेट, फिर भी बांध पक्का."

बीव्हर आम्ही कोणी डोळ्यांनी पाहिला नाही. आमच्या तलावात होती पाणमांजरं. पोचय्या त्यांना नीरु कुक्क, म्हणजे पाण्यातला कुत्रा म्हणायचा. पोचय्या आमचा लस्कर. तूमाचं चाक त्याच्या बापाने फिरवलं होतं, मग त्याने. पाणमांजरांवर त्याचा राग होता, कारण ती जाळी फाडायची. साहेब त्याला चिडवायचे, "मच्छी उनकी, तलाव उनका, जाल तेरा कैकू वहाँ गया?"

मी नांदेडकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, पाणमांजर तिथे कधी नीट पाहिलं नव्हतं. इथे रोज पाहायला मिळालं. गडद तपकिरी, तुळतुळीत अंग, चपटं डोकं, पंजांना पडदे. सकाळी सगळं कुटुंब एका ओळीत पोहत यायचं आणि मासे उथळ पाण्याकडे हाकायचं. कोणी ओळ सोडत नसे. मासा धरला की डोकं वर काढून कुडुमकुडुम खायचं. पोट भरलं की खडकावर अंग घासायचं, एकमेकांना चाटायचं. एक ठरलेला खडक होता, सगळे तिथेच विष्ठा करायचे. माशांच्या खवल्यांनी तो खडक लांबून चमकायचा. एकमेकांना शिटीसारख्या आवाजात हाका मारायचे. मला सगळ्यात नवल वाटलं ते हे, की पाणमांजराच्या पिल्लाला पोहता येत नाही. ते पाण्याला घाबरतं. आई मानगूट धरून त्याला पाण्यात ओढते, ते ओरडत काठावर पळतं, ती पुन्हा ओढते. जन्मल्यावर दोनेक महिने हे शिक्षण सुरूच होत नाही. तोवर पिल्लं बिळात, आणि बाप मासे आणून देतो.

त्यांची बिळं पलीकडच्या काठावरच्या खडकांत होती, बांधापासून दूर, म्हणून आमचं त्यांचं भांडण नव्हतं. मग ते वर्ष आलं.

छप्पन साली हैदराबाद राज्याचे तीन भाग व्हायचे ठरलं. मराठी मुलूख मुंबई राज्यात, कानडी म्हैसूरमध्ये, तेलुगू आंध्रात. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेपासून आमचं राज्यच नसणार होतं. मुलूख वाटला तशी माणसंही वाटली. ऑफिसात रोज एकच बोलणं, तुझं कुठे, माझं कुठे. मी शहरात जामबागेत राहायचो, तिथे आमच्या शेजारचं निम्मं बिऱ्हाड औरंगाबादला निघालं, निम्मं राहिलं. माझे वडील इथे राहायला आले होते, घर इथे होतं, मी अर्ज करून इथेच राहिलो. हमीद साहेबांचा प्रश्न वेगळा होता. त्यांची भाषा उर्दू, आणि उर्दूचं राज्य कुठल्याच कागदावर नव्हतं. जन्म गुलबर्ग्याचा निघाला, म्हणून त्यांना म्हैसूर राज्य मिळालं. लहानपणी सोडलेलं गाव. "मियाँ, वहाँ मेरेकू कुत्ता बी नै पहचानता," असं म्हणून ते हसले.

त्याच पावसाळ्यानंतर शहरातल्या इमारतींसाठी पलीकडच्या काठावर दगड फोडायला सुरुवात झाली होती. सुरुंगाचे आवाज यायचे. पाणमांजरांचे खडक गेले. आमच्या बांधाला दोन तूम होते, एक मोठा, एक लहान. मोठा तेव्हा झडपेच्या दुरुस्तीसाठी बंद होता, शेतांना लहान तूमातून पाणी चाललं होतं. दुरुस्ती झाली. मोरीतला गाळ काढायला पोचय्या कालव्याच्या बाजूने आत रांगत गेला आणि उलट्या पावली रांगत बाहेर आला.

"साब, अंदर कोई बैठा," तो म्हणाला. "गुर्राता."

साहेब स्वतः बॅटरी घेऊन आत गेले. मीही मागे गेलो. झडपेजवळच्या कोरड्या कोनाड्यात गवत अंथरलेलं होतं, आणि त्यावर पाणमांजराची मादी, तिच्या पोटाशी पिल्लं. डोळेही धड उघडलेले नसावेत. ती दात विचकून बसली होती, पण जागची हलली नाही. आम्ही मागे सरकत बाहेर आलो. साहेबांचे गुडघे चिखलाने भरले होते. कालव्याच्या कडेवर बसून ते म्हणाले, "जब तक ये बच्चे तैरना नै सीखते, बड़ा तूम नै खुलेगा. मेरी जबान है."

आता हे नव्या लोकांना कळायचं नाही, पण आमच्या जुन्या खात्यात जबान चालायची. साहेबांनी शेतकऱ्यांच्या म्होरक्यांना बोलावलं, चहा पाजला, लहान तूम रात्रंदिवस पूर्ण उघडा ठेवायचं कबूल केलं. ते मान हलवून गेले. कोणी कागद मागितला नाही, कोणी लिहिला नाही. हमीद साहेबांच्या शब्दावर त्या गावांनी याहून मोठ्या गोष्टी सोडून दिल्या होत्या.

पोचय्या गप्प होता. त्याचं गप्प बसणं मला तेव्हा रागाचं वाटलं.

ऑक्टोबर संपायच्या आत साहेबांना मोकळं केलं. सामान दोन ट्रंका आणि स्टो. टांग्यात बसताना त्यांनी माझा हात धरला. "बच्चों का देखना, मियाँ." पोचय्याकडे बघून म्हणाले, "तू बी." टांगा वळणाआड गेला तरी पोचय्या रस्त्यावर उभा होता.

नवे साहेब आले, राव साहेब. तरुण, शिकलेले, आणि पुढचं काही वाचण्याआधी हे सांगितलं पाहिजे की माणूस चांगला होता. मी पहिल्याच दिवशी त्यांना तूमाचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "लेखी काय आहे?" मी म्हटलं, हमीद साहेबांनी शब्द दिला होता. ते चिडले नाहीत. राज्य नव्हतं, साहेब नव्हते, तर शब्द कोणाचा, असा प्रश्न त्यांनी विचारला नाही, पण तो तिथे होता.

त्याच आठवड्यात शेवटच्या टोकाचे शेतकरी बांधावर आले. परतीचा पाऊस झाला नव्हता. लहान तूमाचं पाणी मधल्या शेतांतच जिरत होतं, टोकापर्यंत पोचत नव्हतं. राव साहेब मला घेऊन चालत टोकाला गेले. जमिनीला भेगा होत्या. त्यांनी भाताची एक लोंबी तोडली, दाणा नखाने दाबला आणि माझ्या तळहातावर ठेवला. त्या दिवसांत दाण्यातून दूध यायला हवं. नुसतं फोलपट होतं. मी शेतकऱ्याच्या पोटचा, मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"हे शेत कोणाचं?" मी विचारलं, काहीतरी बोलायचं म्हणून.

"पोचय्याचं," राव साहेब म्हणाले. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. परत आल्यावर मी पोचय्याला म्हटलं, अरे, बोलायचं नाही का? तो चाकाला तेल घालत होता. "साब जबान दिया, मैं कैसा बोलूँ?" एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मोठा तूम उघडायचं ठरलं. मी राव साहेबांकडे सकाळची वेळ मागून घेतली. मादीला पिल्लं दुसरीकडे हलवायला लावू, मग उघडू. त्यांनी ती दिली.

तूम बरेच दिवस बंद असेल तर उघडण्यापूर्वी मोरीच्या तोंडाशी पत्र्याचा डबा बडवायचा आणि आरोळी द्यायची, ही आमची रीत. आत कोणी झोपलेलं असेल, जनावर असेल, तर बाहेर यावं. पिढ्यान्‌पिढ्या चाललेली रीत, त्यामुळे आम्ही विचारच केला नाही. पोचय्याने डबा बडवला, मी आरोळ्या दिल्या. आत सगळं शांत झालं. बराच वेळ आम्ही हे चालवलं, आणि मग पोचय्याचा हात थांबला. मोरीला बाहेर पडायचं दार एकच होतं, आणि त्याच दारात आम्ही उभे राहून गोंगाट करत होतो. ती बिचारी पिल्लं घेऊन आणखी आत, झडपेला चिकटून बसली असणार. माणूस हाकेला बाहेर येतो. पोरं असलेली आई आवाजापासून आत जाते.

मग आम्ही सगळ्यांना लांब नेलं. शेतकरी खांद्यावर फावडी घेऊन बांधाच्या उतारावर बसले. कोणी बिडीही पेटवली नाही. नर पाणमांजर कालव्याच्या काठी येऊन शिटी घालत होता, आणि पुष्कळ वेळाने ती बाहेर आली. तोंडात पिल्लू. बांध चढून, आमच्या देखत, ते तिने पलीकडच्या पाणकणसांत नेऊन ठेवलं आणि परत आली. दुसरं नेलं. शेतकऱ्यांतली एक म्हातारी बाई पदर तोंडाला लावून बघत होती. ठरलेली वेळ कधीच टळून गेली होती, राव साहेब घड्याळाकडे बघत नव्हते. मला वाटलं, जमलं.

पण दुसऱ्या पिल्लानंतर ती लवकर परतली नाही. कणसांतून पिल्लं ओरडत होती, आणि ती त्यांना सोडेना. ऊन चढलं. टोकापर्यंत पाणी पोचायला दिवस लागतो, आणि उन्हं कलल्यावर सोडलेलं पाणी तिथे अंधारात पोचतं, कोणाला बांध-वरंबा दिसत नाही. शेतकरी नुसते एकेक करून उभे राहिले. राव साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आत आणखी पिल्लू आहे की नाही हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. पोचय्या हाताला पोतं गुंडाळून मोरीत शिरायला निघाला, तोच ती आमच्या अंगावरून धावत मोरीत शिरली आणि तोंडाशीच उलटून उभी राहिली. पोचय्याच्या पोत्यातून तिचे दात त्याच्या मनगटात गेले. मग ती आत पळाली.

"अब्बी नक्को," पोचय्या ओरडला. "साब, वो लेकू आती. रुको."

आम्ही थांबलो. किती ते सांगता येत नाही. ती आली नाही. राव साहेब हलक्या आवाजात म्हणाले, "पोचय्या." तो रक्ताळलेल्या हाताने चाकाजवळ गेला. चाक त्याने फिरवलं असं म्हणता येणार नाही. नुसतं कण्हायला लावलं. घोट्याएवढं पाणी, तिने बाहेर यावं म्हणून. थांबला. पुन्हा जरासं. एरवी दोन दमात उघडणारी झडप त्याने त्या दिवशी इतकी हळू उघडली की शेतकरी मान खाली घालून बसले. तो मोठ्याने रडत होता आणि चाक फिरवत होता. पाणी पिंडरीएवढं झालं तेव्हा ती धारेबरोबर बाहेर आली. तोंडात पिल्लू होतं. तिने ते पाण्याच्या वर धरायचा प्रयत्न केला असेल, पण मोरीचं छत ठेंगणं.

ते निपचित पिल्लू तिने बांधाच्या दगडावर ठेवलं आणि चाटायला लागली. पुढचे काही दिवस मी तिथून जाताना तोंड वळवून जात असे, पण दिसायचंच. ती तलावात बुडी मारायची, मासा आणायची आणि त्या पिल्लापुढे ठेवायची. मासे साचत गेले. मुंग्या आल्या. नर लांबून शिटी घालायचा, ती उत्तर द्यायची आणि जायची नाही. मी घरी येऊन जेवायला बसलो की उठायचो. एके सकाळी दगड रिकामा होता, कणसंही रिकामी. सगळं कुटुंब कुठल्यातरी ओढ्याने निघून गेलं. त्यानंतर त्या तलावात मी पाणमांजर पाहिलं नाही. बाकीची नोकरी मी अनेक तलावांवर केली. कुठेच दिसलं नाही.

संक्रांतीच्या सुमारास हमीद साहेब आले. काही कामाने शहरात आले होते, बांधावर येऊन गेल्याशिवाय त्यांना जाववेना. वाळले होते. शेरवानी सैल झाली होती. बांधावर त्यांच्या नेहमीच्या दगडावर बसले, पाण्यावर नजर फिरवली, आणि आमच्याकडे न बघता विचारलं, "बच्चे तैरे?"

पोचय्या पुढे आला. मनगटावरचा वण त्याने सदऱ्याच्या बाहीखाली ओढून घेतला. "साब, मैं खोला," तो म्हणाला.

तलावावर वारा होता, पाणी काठाला लागत होतं. मग साहेबांनी विचारलं, "तेरा धान?"

"आया साब."

पोचय्याच्या काखेत फडक्याचं गाठोडं होतं. साहेबांसाठी नवे तांदूळ आणले होते त्याने, आणि आता ते पाठीमागे लपवायला लागला. साहेबांनी ते पाहिलं.

"उसी पानी का है?"

"हौ साब. नक्को साब, नक्को लेओ."

"ला," साहेब म्हणाले.

त्यांनी गाठोडं दोन्ही हातांनी घेतलं, मांडीवर ठेवलं, आणि त्यावर हात ठेवून तलावाकडे बघत बसले. आम्ही दोघं त्यांच्या बाजूला उभे होतो. पाण्यावर काही नव्हतं.